वाचकांचे प्रश्न : सोर्समधून बांधलेल्या पॅकेजांची नोंद

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून हौसेखातर स्वतःची छोटी लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सवर आधारलेली संपूर्ण प्रणाली) तयार करत आहे. सोर्स (मूळ कोड) उतरवून, कंपाइल करून, बसवणारी शेल स्क्रिप्ट मी लिहिली आहे. मात्र पॅकेज काढताना किंवा अद्ययावत करताना जुन्या फायली मागे राहतात, आणि मध्येच वीज गेली तर काय बसले व काय नाही हे कळत नाही. आता अवलंबित्व (एका पॅकेजला दुसऱ्याची गरज असणे) सोडवणारा भाग लिहायला घ्यावा का?
— एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : अवलंबित्वाचा भाग तूर्त थांबू द्यावा. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : तुमची स्क्रिप्ट ‘मेक इन्स्टॉल’ (बांधलेल्या फायली जागेवर ठेवणारी आज्ञा) थेट चालू प्रणालीवर चालवते, त्यामुळे कोणती फाइल कोणी आणली याची नोंद कुठेच उरत नाही. बहुतेक प्रकल्पांच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फायलीत) ‘डेस्टडिर’ नावाचे चल असते. त्याला एखाद्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता दिला की सगळ्या फायली तिथे जमा होतात. त्या फोल्डरची यादी करून संग्रह बांधावा आणि तो बसवण्याचे काम वेगळ्या, लहान आज्ञावलीकडे सोपवावे. क्रक्स या डिस्ट्रोत ‘पीकेजीएमके’ पॅकेज बांधते आणि ‘पीकेजीअ‍ॅड’ बसवते, ती विभागणी अभ्यासण्याजोगी आहे. बांधणीचे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात होते आणि रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) अधिकार फक्त शेवटच्या पायरीला लागतो, हा तिचा मोठा लाभ मला वाटतो.

बसवण्यापूर्वी नवी यादी इतर पॅकेजांच्या याद्यांशी ताडून पाहावी आणि एखादी फाइल दुसऱ्या पॅकेजच्या नावावर असेल, तर काहीही न बदलता तिथेच थांबावे. अद्ययावत करताना क्रम फार महत्त्वाचा आहे : आधी नव्या फायली ठेवायच्या आणि मगच जुन्या यादीत असलेल्या पण नव्या यादीत नसलेल्या फायली काढायच्या, हा क्रम उलटला आणि पॅकेज जीलिबसीचे (बहुतेक आज्ञा जिच्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीचे) असले, तर फाइल काढणारी आज्ञाच चालेनाशी होऊ शकते. ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरमधील फाइल वापरकर्त्याने बदललेली असेल तर तिला हात न लावता नवी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवावी.

वीज जाण्याविषयी : प्रत्येक फाइल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहून, डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून, मग तिचे नाव बदलावे. एकाच फाइलसिस्टममध्ये नाव बदलण्याची क्रिया अखंड असते, म्हणून त्या नावाखाली जुनी फाइल तरी सापडते किंवा नवी तरी. अर्धवट कधीच नाही. संपूर्ण पॅकेजला मात्र ही हमी लागू होत नाही. त्यासाठी ‘हे पॅकेज बसवत आहे’ अशी खूण आरंभी लिहावी, सगळे पार पडल्यावर पुसावी, आणि पुढच्या वेळी खूण आढळली तर तोच संग्रह पुन्हा बसवावा. निक्स या पॅकेज व्यवस्थापकाने प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर देऊन हा प्रश्न मुळापासून सोडवला आहे, पण त्यासाठी फोल्डरांची रूढ रचनाच सोडावी लागते. एकट्याच्या प्रकल्पाला तो भार मी सुचवणार नाही.

यानंतर अवलंबित्व. साध्या क्रमासाठी ‘टीसॉर्ट’ ही तयार आज्ञा पुरते आणि चक्र (दोन पॅकेजांना एकमेकांची गरज) असेल तर ती तसे सांगतेही. फ्रीटाइप आणि हार्फबझ या अक्षरे दाखवण्याच्या लायब्रऱ्यांचे चक्र तुम्हाला लवकरच भेटेल. फ्रीटाइप आधी हार्फबझविना बांधायचे, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. त्याहून फसवे असते ते न लिहिलेले अवलंबित्व : कॉन्फिगर स्क्रिप्टला (बांधणीआधी प्रणाली तपासणाऱ्या स्क्रिप्टला) एखादी लायब्ररी योगायोगाने सापडली की ती गुपचूप जोडली जाते आणि तुमच्या रेसिपीत (पॅकेज बांधण्याच्या सूचनांत) तिचा उल्लेखही नसतो. म्हणून वैकल्पिक सुविधा रेसिपीत स्पष्टपणे चालू किंवा बंद कराव्यात.

प्रश्न : मे महिन्यात मोठे पॅकेज कंपाइल करताना लॅपटॉप तापून बंद पडतो. काय करावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : समांतर कामांची संख्या निम्मी करावी आणि मोठी पॅकेजे रात्री लावावीत. बांधणी तुटली तरी ते फोल्डर पुसू नये, कारण ‘मेक’ झालेले काम सोडून पुढे जाते. फोल्डर पुसणे भागच असेल, तर सीकॅश (कंपाइलचे निकाल साठवणारे साधन) आधीपासून वापरत असल्यास आधी कंपाइल झालेल्या फायली पुन्हा कंपाइल कराव्या लागत नाहीत.