आसियानच्या उंबरठ्यावर चौदा वर्षे

प्रश्न : तिमोर-लेस्तेने २०११ मध्ये अर्ज करूनही आसियानचे (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे) सदस्यत्व मिळायला इतका विलंब का झाला?

उत्तर : आसियानमध्ये निर्णय सर्वसहमतीने होतात. २००२ मध्ये स्वतंत्र झालेल्या आणि तेल-वायूच्या उत्पन्नावर विसंबलेल्या या छोट्या देशाला वर्षभर चालणाऱ्या शेकडो बैठकांचा आणि व्यापारी करारांच्या अंमलबजावणीचा भार पेलवेल का, अशी शंका विशेषतः सिंगापूरला दीर्घकाळ वाटत होती. ज्या इंडोनेशियाने या भूमीवर चोवीस वर्षे ताबा ठेवला, त्यानेच पुढे अर्जाला पाठिंबा दिला, हे मला फार मोलाचे वाटते. २०२२ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ मध्ये सदस्यत्वाच्या अटींच्या पूर्ततेचा आराखडा ठरला आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूर येथे हा देश अकरावा सदस्य झाला.