वेताळ हिरो कसा? आणि ‘अँटीहीरो’ला काय म्हणायचं?

प्रश्न निपाणीच्या एका ताईंचा आहे. त्यांनी माळ्यावरचे जुने इंद्रजाल कॉमिक्सचे अंक उतरवून सातवीतल्या मुलाला दिले. मुलगा पहिल्याच पानावर अडला: ‘वेताळ म्हणजे भूत ना? मग हा हिरो कसा?’ त्यावरून ताईंचे दोन प्रश्न. त्या अंकांतल्या मुखवटेवाल्या फँटमला ‘वेताळ’ करताना भाषांतर चुकलं का? आणि नायकाच्या साच्यात न बसणाऱ्या ज्या नायकाला इंग्रजीत अँटीहीरो म्हणतात, त्याला मराठीत ‘प्रतिनायक’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर: चुकलेलं नाही, उलट मूळ नावापेक्षा चपखल बसलंय. दुसऱ्याचं: लोक चालवतात, खरं मी चालवणार नाही. (हे ‘खरं’ आपल्याकडचं. त्याचं पुढं काम आहे.)

ली फॉकचा फँटम अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ साली अवतरला. आपल्याकडं तो इंद्रजालमधून आला. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, त्याचा पहिलाच अंक फँटमच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा होता, आणि १९९० साली ते बंद पडलं. मी बेळगावातल्या शहापूरचा. आमच्या गल्लीत मागाची खटखट चालू असायची आणि कोपऱ्यावर एकजण सुतळीला अंक टांगून भाड्यानं द्यायचा, दिवसाला आठ आणे. अंक फाटला तर पुढचे दोन दिवस काही मिळायचं नाही. मराठी अंक थोडे, हिंदी ढीगभर. त्यामुळं एकच माणूस आम्हाला दोन स्पेलिंगांत भेटला: मराठीत वेताळ, हिंदीत वेताल. शेजारचा कन्नड शाळेतला दोस्त त्याच्या चंदमामातल्या विक्रमाच्या पाठीवरच्या प्राण्याला ‘बेताळ’ म्हणायचा. त्यावरून आमची भांडणं व्हायची, खरा उच्चार कुणाचा म्हणून.

तिघंही बरोबर होतो. संस्कृतातला शब्द ‘वेताल’. मराठीत स्वरांच्या मधे सापडलेल्या ‘ल’चा पुष्कळदा ‘ळ’ होतो: फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. तसाच वेताल-वेताळ. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत ‘ळ’च नाही, म्हणून तिथं तो वेताल राहिला. कन्नडात ‘ळ’ आहे, शिवाय सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ करायची सवय आहे. बदामीची वनशंकरी बनशंकरी झाली ती त्याच वाटेनं. गोव्यातही देव ‘बेताळ’च. म्हणजे बेळगावातून पश्चिमेला चोर्ला घाट उतरा किंवा पूर्वेला धारवाडकडं जा, दोन्हीकडं ‘ब’ भेटतो, आणि मधे आपण ‘व’ धरून बसलोय.

आता अर्थ. चांदोबात वेताळाची गोष्ट नेहमी एकाच जागी संपायची: राजाचं मौन मोडलं आणि प्रेतासकट वेताळ पुन्हा झाडावर. त्यामुळं ‘मानगुटीवर बसणारा’ एवढीच त्याची ओळख राहिली. पण सोमदेवाच्या कथासरित्सागरातली वेतालपंचविशी शेवटपर्यंत वाचली तर कळतं, तिथला खरा बदमाश वेताळ नाहीच. राजाला स्मशानात प्रेत आणायला पाठवणारा जो भिक्षू आहे, तो राजाचाच बळी द्यायला टपलेला असतो. वेताळ शेवटी राजाला सावध करतो आणि त्यातून सुटायची युक्तीही सांगतो. भिववणारा आपल्या बाजूचा निघतो आणि भगव्यातला उलटतो. सातवीतल्या पोराला ही गोष्ट जरूर सांगा.

आणि हे पोथीपुरतं नाही. आपल्या भागातून चंदगड, आंबोली, सावंतवाडी करत वेंगुर्ल्याकडं गेलात तर आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. वेताळाचाच तो आदरानं घेतलेला ‘बा’. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजीबरोबर गेलो होतो. तिथं नवस फेडायला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. वहाणा म्हणजे तुमच्या-माझ्या मापाच्या नव्हेत. मी माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत एका वहाणेशेजारी धरून बघितला, वहाण सरस निघाली. नव्या चामड्याचा वास, जाड टाके, अंगठ्याला गोंडा. आजी म्हणाली, ‘हात लावू नको बाळ, देवाच्या हायत. देव रात्री गावभर फिरतोय, त्याचे तळवे झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या.’

देव रात्री चालतो! तेव्हा माझ्या पिशवीत नेमका एक फाटका अंक होता. फँटमचं बिरुद काय? चालतं-फिरतं भूत. बाप मेला की पोरगा तोच मुखवटा आणि तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. कवटीची गुहा, उजव्या हाताच्या अंगठीनं चोरांच्या जबड्यावर उमटणारी कवटी. आणि डाव्या हाताच्या अंगठीची खूण मात्र अभयाची, ती ज्याला मिळाली त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. आमच्या वेतोबाचं दुसरं काय असतं? भुतांचा धनी, शिवेवरचा राखणदार, रात्रीचा गस्तवाला. वाईटाला भय, शरण आलेल्याला अभय. आजीला मी चित्र दाखवलं. तिनं घोडा बघितला, मुखवटा बघितला आणि एकच शंका काढली: ‘ह्याच्या पायात वहाणा कुठं हायत?’

मुंबईत बसून नाव ठरवणाऱ्याच्या मनात आरवली असेल असं मी म्हणत नाही. माझा अंदाज, त्याच्या डोळ्यांसमोर विक्रम-वेताळच असणार. पण शब्द निवडला की त्याच्या मागं जेवढं गाव असतं तेवढं सगळं येतं. ‘भूत’ म्हटलं असतं तर पोरं हसली असती, ‘पिशाच्च’ म्हटलं असतं तर आयांनी अंक चुलीत घातले असते. वेताळ हा भुतांतला एकटाच असा, ज्याला आपण नारळ देतो. ही माणसं नावांच्या बाबतीत बेफिकीर नव्हती, हे दुसऱ्या एका बदलावरूनही दिसतं. मूळ चित्रकथेतल्या बंगाला देशाचं आपल्या अंकांत ‘डेंकाली’ झालं. बंगालशी घोटाळा नको म्हणून असावं. त्यामुळं आम्ही डेंकाली नकाशात बरीच वर्षं शोधलं.

थोडक्यात, वेताळ नायकच. अँटीहीरो तर मुळीच नव्हे. मुखवटा भीतीचा, पण वागणं इतकं सरळ की वाईटाशी लढायची शपथ मोडायचा विचारसुद्धा मनात येत नाही.

आता प्रतिनायक. हा शब्द रिकामा नाही, त्याच्यात आधीच कुणीतरी राहतंय. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. धनंजयाच्या दशरूपकात त्याचं लक्षण दिलंय: लोभी, उद्धट, ताठर, पापी, व्यसनी. रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. म्हणजे आज आपण ज्याला खलनायक म्हणतो, तो. मग त्याच शब्दानं अँटीहीरो कसा दाखवायचा?

त्यात मराठीतला ‘प्रति’ स्वतःच दोन तोंडांचा. प्रतिपक्ष, प्रतिवादी, प्रतिस्पर्धी इथं तो विरोधात उभा असतो. पण कोल्हापूरजवळच्या नंदवाळला प्रतिपंढरपूर म्हणतात, ते काय पंढरपूरच्या विरोधात आहे म्हणून? क्रांतिसिंह नाना पाटलांचं साताऱ्यातलं प्रतिसरकार तर एकाच वेळी दोन्ही होतं: इंग्रज सरकारच्या विरुद्ध आणि सरकारसारखंच. त्यामुळं ‘प्रतिनायक’ ऐकणाऱ्याला नायकाचा वैरी, नायकाची नक्कल आणि नायकपण नाकारणारा नायक असे तीन जण दिसतात. समीक्षेच्या लेखात तळटीप देऊन हे खपेल. घरात पोराशी बोलताना नाही. ‘अपनायक’ही सुचवतात, पण ‘अप’ लागला की अपकीर्ती, अपशकुन अशी सगळी बिघडलेली मंडळी जमतात, आणि अँटीहीरो काही बिघडलेला नायक नव्हे.

मग तो असतो तरी कोण? इंद्रजाल बंद पडल्यावर सुतळीवर राज कॉमिक्स लटकायला लागली. नागराज, ध्रुव, आणि नव्वदीच्या सुरुवातीला डोगा. मुंबईच्या रस्त्यांवर फिरणारा, कुत्र्याचा मुखवटा घातलेला, हातात बंदूक. लहानपणी उकिरड्यावर सापडलेलं पोर, डाकूनं वाढवलेलं. तो गुंडांना पोलिसांच्या ताब्यात देत बसत नाही, सरळ गोळ्या घालतो. आमच्या कन्नड दोस्तानं मुखपृष्ठ बघितलं आणि निकाल दिला: ‘इंव नायक अल्ल, नायी!’ हा नायक नव्हे, कुत्रा. कन्नडात कुत्र्याला ‘नायी’ म्हणतात. एवढी नेमकी कोटी मी नंतर समीक्षकांकडूनही ऐकली नाही.

त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावानं डोगाची बाजू घेत जे वाक्य टाकलं, ते मला अजून अँटीहीरोची सगळ्यांत चांगली व्याख्या वाटते: ‘व्हिलन हाय, खरं चांगला हाय.’

पुण्याच्या वाचकाला हे ‘व्हिलन आहे, खरोखर चांगला आहे’ असं ऐकू येईल. बेळगाव-कोल्हापूरकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘जेवलो, खरं पोट भरलं नाही.’ ‘येणार होतो, खरं पाऊस लागला.’ भावाला म्हणायचं होतं, व्हिलनसारखा आहे, पण चांगला आहे. दोन्ही अर्थ एकदम लागू पडले हे त्याच्या गावीही नव्हतं. डोगा असाच ‘खरं’ लागलेला माणूस, कुठल्याही बाजूनं सांगायला सुरुवात करा, मधे ‘खरं’ येतंच. वेताळाचं वर्णन करताना मात्र ते घालावं लागत नाही.

तर ताई, लिहिताना सरळ ‘अँटीहीरो’ लिहा. हिरो आणि व्हिलन पचवलेल्या मराठीला हाही जड नाही. देशी शब्दच हवा असेल तर माझा एक आहे, कोशात सापडणार नाही: ‘आडनायक’. आडवाट, आडरस्ता, आडगाव यांतला ‘आड’. मुक्कामाला नायकाच्याच पोचणारा, पण हमरस्ता सोडून जाणारा. वेताळ नायक, डोगा आडनायक.

त्यात एक अडचण आहे, तीही सांगतो. हा शब्द मी मोठ्या हौसेनं आमच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या पोराला फोनवरून सांगितला. मुद्रित आलं त्यात छापलं होतं: ‘डोगा, आडनाव नायक’. मी ओरडलो तर म्हणाला, ‘सर, मला वाटलं आपल्या कारवारकडचा असंल.’