देवाला नेमकं काय विचारलंत?

मी गोव्यात काउन्सेलिंग करते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की माझे फोन वाढतात, दरवर्षीचं आहे हे. चवथीला अख्खं घराणं मूळ घरी जमतं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून होते, नेवऱ्या खाऊन होतात, आणि मग कुठलीतरी आत्या विचारते, काय गे, ग्रॅज्युएट झालीस ना, आता पुढे काय? त्याच सुमाराला पर्वरीला टेक्निकल एज्युकेशनवाल्यांच्या मेडिकल अ‍ॅडमिशनच्या राऊंड चालू असतात, म्हणजे कोणाचा बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, जीएमसीत, नंबर लागला आणि कोणाचा नाही हेही तेव्हाच कळतं. ह्या दोन्हींच्या मधे सापडलेल्या पोरी मग फोंड्याला माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येतात, आणि प्रश्न जवळपास ठरलेला असतो. मॅडम, परत एकदा नीट देऊ की सेटल होऊ?

नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, आणि सेटल ह्या शब्दाचा गोव्यातला अर्थ सांगून टाकते. सरकारी नोकरी, नाहीतर सरकारी नोकरीवाला नवरा, जमलं तर दोन्ही. मुलगेही येतात तसे, पण त्यांना 'एलडीसीचा फॉर्म भर', म्हणजे सरकारी क्लार्कचा, एवढंच ऐकावं लागतं, लग्न कोणी काढत नाही.

एकीची गोष्ट सांगते, तिला तन्वी म्हणूया. गाव सांगत नाही, खाणपट्ट्यातलं आहे, आणि घरच्या दोनतीन गोष्टी बदलल्यात. वय बावीस, बीएस्सी झूलॉजी, फर्स्ट क्लास. नीट तीनदा दिलेली. पहिली 2020 ला, ती कोविडमुळे सप्टेंबरात झालेली, दुसरी एक वर्ष ड्रॉप घेऊन आणि तिसरी डिग्रीच्या शेवटच्या वर्षात, 2024 ला. तिसऱ्या वेळी मार्क वाढले पण रँक घसरली, त्या वर्षी देशभर कितीतरी मुलांचं तेच झालं. आता तिला पूर्ण वर्ष घरी बसून चौथ्यांदा द्यायची होती. आईने स्थळ बघितलेलं, मुलगा इलेक्ट्रिसिटी डिपार्टमेंटला ज्युनिअर इंजिनिअर, मुलाकडचे म्हणत होते लग्न सावकाश करूया पण मे महिन्यात निदान रजिस्ट्रारकडे सही करून ठेवूया. आणि नीट मे महिन्यातच!

माझी एक जुनी खोड आहे. समोरचं माणूस बोलताना किती वेळा 'च' लावतं ते मी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, त्याने आयुष्यभर माणसांच्या 'मस्ट'शी भांडण केलं, आपल्याकडे ते काम एका अक्षरात होतं. डॉक्टर व्हायचंच आहे, यंदा नंबर लागलाच पाहिजे, बाबांना दाखवायचंच आहे. तन्वीच्या पहिल्या चाळीस मिनिटांत अकरा रेघा झाल्या. नंतर वही चाळताना लक्षात आलं की त्यातली एकही लग्नाबद्दल नाही. लग्नाचं ती म्हणायची बघू, पुढे कधीतरी, आई म्हणतेय. म्हणजे 'करणारच नाही' असा 'च' सुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात यायला दोन सेशन गेली हेही कबूल करते, तोवर मी तिच्या जिद्दीवरच काम करत बसले होते.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "समजा उद्या आई म्हणाली, पाच वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, तर सोमवारी फिजिक्सचं पुस्तक उघडशील?"

पटापट बोलणारी मुलगी ही. हातातलं कदंबा बसचं तिकीट घेऊन त्याची गुंडाळी करत राहिली, परत सरळ केलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "सोमवारी नाही उघडणार कदाचित."

"मग कधी?"

"माहीत नाही हो मॅडम. मला झोपायचंय थोडे दिवस."

मला तिथे सूत सापडलं. नीट चालू आहे तोवर घरात लग्नाचा विषय निघत नाही, हे तिला अनुभवाने कळलेलं होतं. सरळ 'नको' म्हणायची सवय नाही, पण 'अभ्यास आहे' म्हटलं की आत्यासुद्धा गप्प बसते. अभ्यासाच्या पुस्तकांचा असा कुंपणासारखा वापर मी इतक्या घरांत बघितलाय की आता पुस्तकं किती हे न विचारता ती शेवटची कधी उघडली ते विचारते.

पण हे अर्धंच. बाकीचं अर्धं बाबांकडे होतं. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचे खाणीवरचे दोन टिप्पर ट्रक दारात उभे राहिले, तन्वी पाचवीत होती. मधे थोडं सुरू झालं आणि 2018 ला परत बंद. त्या दिवसांत घरी आलेला कोणीतरी नातेवाईक बोलून गेला की काळजी करू नको, ही पोर डॉक्टर झाली की तुझे दिवस पालटतील. तो माणूस ते वाक्य कधीच विसरला असणार, ही मुलगी अकरा-बारा वर्षं ते डोक्यावर घेऊन फिरत होती. बाबांनी तिला एकदाही डॉक्टर हो म्हटलेलं नव्हतं. मी त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं तिलाच आवड आहे, म्हणून मी क्लासचे पैसे भरत गेलो."

चौथ्या वेळी आईला बोलावलं. आई येतानाच निकाल घेऊन आली.

"मॅडम, आता विषयच मिटला. देवळात प्रसाद लावला, उजवा पडला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि मूर्तीला पाकळ्या ओल्या करून लावतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी ह्याला हसत नाही. फोंड्याची ही खोली घेताना मी स्वतः प्रसाद लावलाय. तन्वीचा चेहरा मात्र उतरला, आता देवाच्या वर कोण बोलणार.

मी विचारलं, "वहिनी, देवाला नेमकं काय विचारलंत?"

"काय म्हणजे? हे स्थळ चांगलं आहे ना, असं."

"आणि ते चांगलं आहे असं देव म्हणाला."

"होय मगे."

"मग स्थळ चांगलं आहे. आत्ता करायचं का, हे कुठे विचारलंत?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तन्वीकडे वळले आणि म्हटलं, तुला गाऱ्हाणं घालायला सांगितलं असतं तर तू काय विचारलं असतंस? ती लगेच म्हणाली, माझा नंबर लागेल काय. मी म्हटलं, असं नाही, तो निकाल झाला, तो परीक्षा घेणारी एनटीए सांगेल. तुमच्या घरात कोणाच्या तरी हातात असलेली गोष्ट विचार, होय किंवा नाही उत्तर येईल अशी.

आणि मग मी गप्प बसले. ह्या धंद्यात एकोणीस वर्षं झाली आणि मला जमलेली एकच गोष्ट कुठली विचाराल तर ही, वेळेवर गप्प बसणं. खाली फुलवालीचं गिऱ्हाइकाशी भांडण चाललेलं ऐकू येत होतं. दोन मिनिटं तरी गेली असतील. तन्वी आईकडे न बघता, समोरच्या पंख्याच्या बटणांकडे बघून म्हणाली, "मी विचारलं असतं, की नीट सोडली तर आई मला थोडे दिवस काहीच न ठरवता घरात राहू देईल काय?"

आई म्हणाली, "हे देवाला कशाला विचारायचं गे? मला विचार ना."

"विचारते तर."

"किती दिवस?"

मला हसू आलं आणि डोळ्यातही पाणी आलं, दोन्ही लपवलं. 'किती दिवस' ह्या प्रश्नात ती बाई मुलीच्या बाजूला येऊन बसली होती, तिचं तिलाही कळलं नसेल. दोघींनी मिळून दिवाळीनंतरची तुळशीच्या लग्नाची तारीख ठरवली, तोवर घरात नीटही नाही आणि स्थळही नाही. आईला मी नंतर एकटीला विचारलं, समजा यंदा तिचा नंबर लागला असता तर लग्नाची एवढी घाई केली असतीत? म्हणाली, छे, मग कसली घाई. म्हणजे आईची भीती लग्न राहील ही नव्हतीच, ग्रॅज्युएट मुलगी घरात बसलेली दिसते ही होती. तिलाही एक कुंपण हवं होतं, तिने ते इंजिनिअर मुलाचं घातलेलं.

म्हणून माझ्याकडे कोणी 'मेडिकल की सेटल' घेऊन आलं की मी आधी ते दोन वेगळे कागद करते. एकावर फक्त नीट, त्यावर लग्नाचा शब्द नको. दुसऱ्यावर फक्त लग्न, त्यावर नीट नको. एका कागदावर ठेवले की दोन्ही एकमेकांच्या आड लपतात.

नीटच्या कागदावर तन्वीने तुळशीच्या लग्नाआधी काय काय भरलं ते सांगते, बाकीच्यांनाही कामाला येईल. आधी तिन्ही वर्षांची मार्कशीट, विषयवार. 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीला, त्यामुळे बीएस्सी झूलॉजी केलेल्या मुलींना वाटतं आपली तयारी आता पुढे गेली, पण पेपर अकरावी-बारावीचाच असतो आणि नंबर अडतो फिजिक्सच्या 180 मार्कांपाशी, ज्याला तिने कॉलेजच्या तीन वर्षांत हात लावलेला नव्हता. मग क्वालिफाय आणि अ‍ॅडमिशन ह्यातला फरक. जनरलला पन्नास पर्सेंटाइल म्हणजे क्वालिफाय, ते सर्टिफिकेट घेऊन कितीतरी घरं पेढे वाटतात आणि मग जीएमसीच्या लिस्टमधे नाव नाही म्हणून रडतात. यूट्यूबवरचे कटऑफ बघू नका, आपल्या कॅटेगरीतून गोव्याच्या लिस्टमधे शेवटचा कोण लागला आणि आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते बघा, राऊंडच्या लिस्ट मिळतात. आणि नीटवर बांबोळीचं एमबीबीएसच फक्त नाही, डेंटल आहे, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी आहे. ते चालणार असेल तर आत्ताच लिहा, नंतर नाइलाज म्हणून घेतलं की पाच वर्षं तोंड पाडून काढतात.

वयाचं. पूर्वी जनरलला पंचवीसची मर्यादा होती, 2022 ला ती काढून टाकली, आता तिशीतही नीट देता येते. सगळ्यांना हा दिलासा वाटतो, मला ह्याची भीती वाटते. पूर्वी सरकार थांबवायचं, आता आपलं आपल्याला थांबावं लागतं आणि ते कोणालाच येत नाही. म्हणून शेवटची तारीख मी अभ्यास सुरू व्हायच्या आधी लिहून घेते, आईबापासमोर. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप म्हटलं तर तेविसाव्या वर्षी लागलेली मुलगी अठ्ठावीस-एकोणतीसची होऊन बाहेर पडते, पीजी केलं तर आणखी तीन. 'एकोणतीसची तर तू तशीही होणारच आहेस' हे वाक्य मीही पूर्वी फेकायचे, ऐकायला छान वाटतं, टाळ्या मिळतात. आता वापरत नाही. एकोणतिसाव्या वर्षी डॉक्टर असणं आणि एकोणतिसाव्या वर्षी सातव्यांदा नीट देत असणं ह्यात बराच फरक आहे आणि पहिल्या दिवशी दोन्ही वाटा सारख्याच दिसतात.

लग्नाच्या कागदावर मी ढवळाढवळ कमी करते, एकच गोष्ट निक्षून सांगते. 'निदान सही करून ठेवूया' ह्याला साखरपुडा समजू नका. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडची दुसरी सही झाली की कायद्याने लग्न झालं, वेगळा करार आधी केला नसेल तर मालमत्तेत दोघांचा अर्धा अर्धा वाटाही लागू झाला. मांडव नंतर घाला नाहीतर घालू नका. आईबापांना वाटतं सही म्हणजे बुकिंग.

आणि पैशांचा विषय दोघांनीही उघड काढा. तन्वीच्या नावावर सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख बँकेत होते. आईच्या हिशेबात ते दागिन्यांचे, मुलीच्या हिशेबात क्लासच्या फीचे, आणि दोघी चार वर्षं एका घरात राहून हे एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तन्वी ठरवून आली. काय ठरवलं आणि पुढे काय झालं ते मुद्दाम सांगत नाही, कारण नंबर लागला म्हणून सांगितलं की आणखी दहा पोरी ड्रॉप घेणार आणि नाही लागला म्हटलं की दहा आया सहीची तारीख काढणार, मी बघितलंय हे. तिने आपला कागद स्वतः वाचून दाखवला, बाबाही आले होते, टिप्परच्या जागी आता छोटा टेम्पो आहे तो खाली लावायला जागा नव्हती म्हणून अर्धा वेळ खिडकीतून खालीच बघत होते. मी वहीत सवयीने रेघा मारायला पेन घेतलं होतं. दोन झाल्या.

शिगमा आटपला त्या आठवड्यात आईचा फोन आला.

"मॅडम, परत प्रसाद लावला मी."

"असं? काय विचारलंत ह्या वेळेला?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?" म्हणाली, आणि खळखळून हसली.