सेल्फ टेप ऑडिशन घरच्या घरी नीट कशी शूट करायची?

अभिनयाचं शिक्षण झालंय, पण घरून पाठवलेल्या टेपला उत्तरच येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी आवाज तपासा. फोन पाच-सहा फुटांवर ठेवला की खोली घुमते आणि वाक्यांचे शेवट गिळले जातात. साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. कपड्याला घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. फ्रेम छातीपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत. उजेड समोरून हवा, आणि भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभे राहा, म्हणजे सावली मागे पडणार नाही.

आता खरी मेख: समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा माणूस. तो लेन्सला अगदी खेटून उभा हवा. लांब असेल तर तुमची नजर बाजूला जाते, चेहरा अर्धाच दिसतो. त्याने तुमच्यापेक्षा हळू आवाजात बोलायचं आणि अभिनय करायचा नाही. त्याची वाक्यं चालू असताना पुष्कळ जण नुसते आपल्या पाळीची वाट बघतात. क्लोजअपमध्ये ते लगेच कळतं. त्याच्या कोणत्या शब्दावर तुमचा विचार बदलतो, तो शब्द स्क्रिप्टमध्ये अधोरेखित करा आणि दर वेळी त्याच शब्दाची वाट बघत ऐका.

लेन्समध्ये थेट फक्त ओळख देताना बघा. दोन टेक मागितले असतील तर दुसऱ्यात पात्राचा हेतूच बदला, नुसता आवाज चढवू नका. आणि फाइलचं नाव ऑडिशन मागवणाऱ्यांनी सांगितलंय तसंच ठेवा.