घर बदलताना टीव्ही: वाचकांच्या शंका, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : ऑगस्टमध्ये चिंचवडहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचे आहे. 55 इंची एलईडी टीव्ही भिंतीवर आहे. मूळ खोका जागा अडवतो म्हणून केव्हाच रद्दीत गेला. पॅकर्सवाले म्हणतात, ब्लँकेटमध्ये गुंडाळून नेऊ, काही होत नाही. भरवसा ठेवावा का?
– वाचक, चिंचवड

नुसत्या ब्लँकेटच्या भरवशावर पाठवू नका. टीव्हीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे पडद्याच्या भागात, काचेचे दोन थर असतात आणि प्रत्येक थर मिलिमीटरभरही जाड नसतो. ब्लँकेटने ओरखडे टळतात, पण शेजारच्या खुर्चीचा पाय टेकला तर तो दाब ब्लँकेटमधून थेट काचेवर जातो. वाटेत फुटलेले बहुतेक टीव्ही पडलेले नसतात, कशाने तरी दाबले गेलेले असतात किंवा पिळले गेलेले असतात.

आदल्या रात्री प्लग काढून ठेवा, टीव्ही पूर्ण थंड होऊ द्या. मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. दोघांनी मिळून टीव्ही उतरवा. हात खालच्या आणि बाजूच्या कडेला हवेत, स्क्रीनवर पंजा टेकवायचा नाही. पाठीला लावलेल्या ब्रॅकेटच्या पट्ट्या खोलून वेगळ्या बांधा, कारण त्या बाहेर आलेल्या असतात. त्यांचे स्क्रू आणि स्पेसर (मध्ये अंतर ठेवणाऱ्या छोट्या नळ्या) छोट्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा. हे स्क्रू हरवले की हार्डवेअरच्या दुकानातून जरा लांब स्क्रू आणला जातो आणि तो आतल्या सर्किटला जाऊन भिडतो.

55 इंचांची स्क्रीन साधारण 122 बाय 69 सेंटीमीटर भरते, बाहेरची चौकट धरून थोडी जास्त. पॅकर्सकडे टीव्हीचा तयार खोका मिळतो, तो आधीच सांगून मागवा. आधी पातळ फोम शीट पुढून-मागून गुंडाळा, चिकटपट्टी फक्त पाठीवर लावा. चारही कोपऱ्यांना जाड थर्माकोल बसवा. समोर 6 मिलिमीटरचा प्लाय किंवा दुहेरी जाड पुठ्ठा असा लावा की तो कोपऱ्यांवर टेकेल आणि स्क्रीनच्या मध्यापासून दोन-तीन सेंटीमीटर लांब राहील. ही मोकळी जागा सगळ्यात महत्त्वाची. बरेच पॅकर्स प्लाय लावतात, पण तो थेट काचेला चिकटवून. मग त्यावर बबल रॅपचे दोन थर. बबल रॅप उघड्या स्क्रीनवर कधीच नको, गरमीत आणि दाबाखाली बुडबुड्यांचे ठसे उठतात. शेवटी खोका, आणि पावसाचे दिवस असल्याने सगळ्यावर प्लास्टिकचा कागद.

गाडीत टीव्ही उभाच ठेवायचा, केबिनच्या बाजूला. मागच्या चाकांच्या मागे हादरे सर्वाधिक बसतात. स्क्रीनची बाजू गादीकडे करा, फ्रिजच्या हँडलकडे नको. पट्टा मधोमध आवळू नका, कडांजवळून घ्या. बुकिंग करतानाच विचारा : सामान वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरणार का? उत्तर ‘हो’ असेल तर लाकडी क्रेटचे पैसे मोजा. पॅनेल बदलण्याचा खर्च कित्येकदा नव्या टीव्हीच्या आसपास जातो, आणि फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही.

बांधण्यापूर्वी टीव्हीवर पूर्ण पांढरे चित्र लावून, सिरियल नंबरासकट व्हिडिओ काढा. विम्याच्या यादीत टीव्ही स्वतंत्र, किमतीसह लिहून घ्या. बाहेरून खूण नसलेला विद्युत बिघाड बऱ्याच विम्यांत वगळलेला असतो, ते कलम सही करण्याआधी वाचा.

प्रश्न : ठाण्यातल्या ठाण्यात जायचे आहे. 43 इंची टीव्ही कारच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला तर चालेल?
– वाचक, ठाणे

उभा बसतो का ते आधी टेपने मोजा. स्क्रीन साधारण 95 बाय 54 सेंटीमीटर असते, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटवर उभा राहतो. सीटची पाठ मध्ये फुगीर असते, म्हणून स्क्रीन आणि सीटच्या मध्ये ताठ पुठ्ठा हवाच.

आडवा ठेवला की काच स्वतःच्या वजनाने मध्ये किंचित झोळते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ती झोळ वाढते. अगदी नाइलाज असेल तर मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट, स्क्रीन वर करून, थोड्या अंतरासाठी. वर पिशवीसुद्धा ठेवू नका. टीव्ही ओएलईडी (खूपच पातळ पॅनेलचा) असेल तर हा नाइलाजही नको, सरळ टेम्पो करा.

प्रश्न : नव्या घरी टीव्ही सुरू केला. चित्र ठीक आहे, पण तीन ठिकाणी पांढरे लख्ख गोल दिसतात. पॅनेल गेले का?
– वाचक, नाशिक

नाही. पडद्यामागच्या प्रत्येक एलईडी दिव्यावर प्रकाश पसरवणारी छोटी लेन्स चिकटवलेली असते. उष्णतेने गोंद सुकतो, प्रवासात हादरे बसतात आणि लेन्स गळून पडते. मग तो दिवा एकाच जागी झगझगतो. लेन्स पुन्हा चिकटवता येते, पण त्यासाठी काचेचे पॅनेल उचलून बाजूला ठेवावे लागते आणि त्याच्या कडेच्या नाजूक पट्ट्या दुखावल्या तर पडद्यावर उभ्या रेघा कायमच्या येतात. तीनच डाग असतील आणि खटकत नसतील तर आमचे मत : राहू द्या.

शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसला तर मात्र आतली काच फुटली आहे. त्याला दुरुस्ती नाही. आवाज येतो, चित्र नाही, असे असेल तर अंधारात पडद्यावर टॉर्च धरा. पुसट चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे.

प्रश्न : भर पावसात टीव्ही आणला. लगेच लावू का?
– वाचक, रत्नागिरी

खोक्यातून काढून पंख्याखाली दोन-तीन तास उभा ठेवा, पाठीला ओल जाणवली तर रात्रभर. आत दमटपणा असताना वीज दिली तर सर्किट जळू शकते.

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखे जाते. 55 इंची टीव्ही टिकेल?
– वाचक, पनवेल

भोकातून पांढरी-करडी पूड येत असेल तर ती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्यांची भिंत. साधी प्लास्टिकची गट्टी यात ढिली पडते. सिपोरेक्ससाठीचे खास लांब नायलॉन प्लग मागा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर ते रुंदावते. पुढे ओढता येणारा हाताचा ब्रॅकेट इथे नको. हात ताणला की वरच्या स्क्रूंवर ओढ कित्येक पट वाढते. भिंतीला चिकटून बसणारा साधा ब्रॅकेट घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.