निशला दोन मुक्काम हवेत

बेलग्रेडबद्दल लिहिताना सर्बियातल्याच निश शहराचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना उपयोगी पडतील अशी चार उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघं बेलग्रेडहून बसने बल्गेरियातल्या सोफियाला जाणार आहोत. निश वाटेतच लागतं. सकाळी उतरून संध्याकाळची बस धरली तर शहर बघून होईल का?

किल्ला बघून होईल, शहर नाही. बहुतेक प्रवासी असंच करतात आणि ‘निशमध्ये फारसं काही नाही’ म्हणत पुढे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच गावात, साधारण इ.स. 272 मध्ये जन्मला. तेव्हा गावाचं नाव नाइसस होतं. 313 साली ख्रिश्चनांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली, ती त्याच्याच काळात. पुढे कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, त्यानेच वसवलं. अशा गावाला निदान दोन रात्री द्या.

बेलग्रेडहून अंतर साधारण 240 किलोमीटर आहे. महामार्ग चांगला असल्याने बसला तीनेक तास लागतात. बसस्थानक किल्ल्याजवळच आहे, त्यामुळे सामान हॉटेलवर टाकून पहिल्या संध्याकाळी तिथेच जा. निशावा नदीकाठचा हा किल्ला तुर्कांनी 1719 ते 1723 या काळात बांधला, पण त्याच्या पोटात रोमन नगर आहे. आत जायला तिकीट नाही. स्तंबोल दरवाजातून शिरलात की जुनं हमाम, बाली बेगची मशीद आणि रोमन अवशेष बघत दिवेलागणीपर्यंत फिरा. त्या वेळी गावातली माणसं लेकरांना घेऊन तिथेच फिरायला आलेली असतात, आणि किल्ला मला त्या गर्दीतच सगळ्यात जास्त आवडतो. मग पूल ओलांडून कझांजिस्को सोकाचे गाठा. अर्थ अगदी आपला: तांबटांची आळी. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो. इथे मात्र त्या बैठ्या, जुन्या घरांत आता कॉफीची दुकानं आहेत.

दुसऱ्या दिवशी शहरबसची 1 नंबरची गाडी धरा. कवट्यांचा मनोरा, पुढे मेदियाना हा कॉन्स्टंटाइनच्या काळातला निवासी परिसर आणि शेवटी निश्का बान्या हे गरम झऱ्यांचं गाव, सगळं त्याच रस्त्यावर आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ‘त्स्रवेनी क्रस्त’ असं विचारा, म्हणजे रेडक्रॉस छावणीचा, नाझींच्या जुन्या कैदी छावणीचा, रस्ता कोणीही दाखवेल. तिथून दुपारच्या बसने सोफियाला निघा. यातला एकही दिवस सोमवार नसेल असं बघा, कारण संग्रहालयांची सुट्टी सहसा सोमवारी असते.

प्रश्न : आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. सर्बियाचा वेगळा काढावा लागेल?

भारतीय पासपोर्टवर सर्बियात व्हिसाशिवाय जाण्याची सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद झाली. मात्र वैध शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकी व्हिसा असेल तर 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सर्बियन दूतावासाचं संकेतस्थळ बघाच.

खरी अडचण परतीची असते. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. बल्गेरिया त्यात आहे, सर्बिया नाही. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल आणि तुम्ही शेंगेन देशातून सर्बियात आलात, तर तिथून बाहेर पडताच तो वापरून संपतो आणि सोफियाकडे जाताना सीमेवर अडवलं जातं. अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा. निशहून कोसोवो जवळ आहे म्हणून कोणी तिकडे जाऊन येण्याचं सुचवेल. सर्बिया कोसोवोला वेगळा देश मानत नाही. त्यामुळे आधी सर्बियाचा शिक्का नसताना कोसोवोतून सर्बियात येऊ नका.

प्रश्न : सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. त्यांचे हाल होतील का?

निश हे भाजलेल्या मांसाचं गाव आहे, पण हाल होणार नाहीत. एक शब्द पाठ करा: ‘पोस्नो’. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण. त्यांच्या उपवासाला धान्य चालतं. मांस, अंडी आणि दूधदुभतं चालत नाही. मासे मात्र बऱ्याचदा चालतात, म्हणून तेवढं विचारून घ्या. प्रेब्रानात्स मागवा: पांढऱ्या घेवड्याचे दाणे भरपूर कांदा घालून भट्टीत शिजवलेले, आपल्या उसळीच्या जवळचे. सोबत आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची सौम्य चटणी. सासूबाईंना तिखट आवडत असेल तर चीज आणि मिरचीचं उर्नेबेस आहेच.

सकाळी पेकारात, म्हणजे बेकरीत, चीजचा बुरेक, म्हणजे पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, घ्या आणि बरोबर पातळ दही. पण बुरेकात कधी कधी डुकराची चरबी वापरतात. ‘मास्त’ म्हणजे ती चरबी, तेव्हा ‘बेझ मास्ती’ आहे ना, हे विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका. पैसे दिनारमध्येच द्यायचे असतात. थोडी रोकड जवळ असू द्या.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. कवट्यांचा मनोरा तिला दाखवावा का?

मी दाखवेन, पण गोष्ट आधी सांगून. 1809 च्या मे महिन्यात शहराबाहेरच्या चेगार टेकडीवर सर्ब बंडखोर तुर्की फौजेने घेरले. त्यांचा सरदार स्तेवान सिंजेलिच याने शरण न जाता दारूच्या कोठारावर गोळी झाडली. त्यात तो, त्याची माणसं आणि अंगावर आलेले तुर्की सैनिक मेले. पुन्हा कोणी डोकं वर काढू नये म्हणून तुर्की पाशाने मेलेल्या बंडखोरांच्या 952 कवट्या भिंतीत चिणून हा मनोरा उभारला. आज 58 उरल्या आहेत. बाकीच्या जागी रिकामी भोकं आहेत. कितीतरी कवट्या घरच्यांनी रात्री गुपचूप काढून नेल्या, आपल्या माणसाला माती देता यावी म्हणून. मुलीला ही भोकं दाखवा. 1892 मध्ये मनोऱ्याभोवती छोटं प्रार्थनागृह बांधलं, त्यामुळे आत शांतता असते आणि घाई करावी लागत नाही.

रेडक्रॉस छावणीत मात्र तिला एवढ्यात नेऊ नका. ही नाझींची छावणी होती. 12 फेब्रुवारी 1942 रोजी इथून शंभरावर कैदी तारा आणि भिंत ओलांडून पळाले, म्हणून बाहेरच्या रस्त्याला त्या तारखेचं नाव आहे. पण वरच्या मजल्यावरच्या कोठड्यांत जमिनीवर काटेरी तारा अंथरलेल्या होत्या. अकराव्या वर्षी ते पाहायला नको. तुम्ही दोघं आळीपाळीने आत जा.

त्याऐवजी तिला बुबान्यला न्या, टॅक्सीने. गर्द झाडीतली ही टेकडी आहे. युद्धकाळात इथे दहा हजारांवर माणसांना गोळ्या घातल्या. 1963 मध्ये शिल्पकार इव्हान साबोलिच यांनी तिथे काँक्रीटच्या तीन प्रचंड मुठी उभ्या केल्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या: पुरुषाची, बाईची आणि लेकराची. सर्वांत लहान मूठ कोणाची, हे तिलाच ओळखू द्या.