"मॅडम, रंगाला हातच लावत न्हाई ओ, तूच काढ म्हणती"

हिवाळा लागला की माझ्याकडं ही काळजी घेऊन आया हमखास येतात. शाळेनं थंडीचं चित्र रंगवून आणायला सांगितलंय आणि लेकरू ब्रशच धरत नाही, नाहीतर नुसतं फासून ठेवतं, बाकीच्यांची किती छान येतात, आमच्याच लेकरात काही कमी आहे का. लातूरच्या एका आईची गोष्ट सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगी चार वर्षांची, ज्युनियर केजीत. शाळेतून स्नोमॅनची झेरॉक्स आलेली, मागं निळा रंग द्यायचा, रेषेच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि झालं की फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. रात्रीपर्यंत ग्रुपवर एकसारखे गुळगुळीत स्नोमॅन, चार वर्षांच्या हाताला तसा सफाईदार रंग देताच येत नाही, म्हणजे ते कुणी रंगवले हे उघड आहे, पण आपलं लेकरू मागं पडलं असं वाटायला लागलं की हे कुणाच्या लक्षात येत नाही. आई म्हणाली, "हात धरून गिरवून घेतलं तर रडती ओ. मंद तर नसंल ना?" हे विचारताना तिचा आवाज एकदम बारीक झाला.

मी चित्राचं बाजूला ठेवलं आणि बाकीचं विचारलं. स्वतःच्या हातानं जेवते का, बटण लावते का, मातीत खेळते का, ओल्या पिठात हात घालते का. सगळ्याला हो, उलट आजीजवळ बसून पिठाचे गोळे करते म्हणे. म्हणजे हात चांगले चालतात, ओल्याची किळस नाही. मग कागदच का नको? तर घरात आजपर्यंत प्रत्येक चित्र कुणीतरी सुधारून दिलेलं, पप्पांनी सूर्य गोल करून दिला, आईनं बाहेर गेलेला रंग खोडला, सगळं प्रेमापोटीच, पण लेकराला एवढंच कळलं की माझं चुकतं आणि मोठ्यांचं बरोबर येतं. मग ते म्हणणारच ना, तूच काढ.

मी फरशीवर मोठे कागद पसरले. वाटीत हळदीचं घट्ट पाणी, पांढरा पोस्टर कलर, थोडा निळा, आणि ब्रशऐवजी कापसाचे बोळे, हुरडा काढलेलं ज्वारीचं रिकामं कणीस. काय काढायचं ते सांगितलंच नाही. पोरगी आईच्या पदराला धरून उभी, आई दर मिनिटाला "असं नको बाळा, बाजूला चाललंय". शेवटी मी आईला म्हटलं, ताई, तुम्ही तिकडं बसा आणि तुमचा वेगळा कागद घ्या. ती पटकन म्हणाली, "मला कुठं येतंय ओ!" अगदी लेकीसारखंच, आणि तिचं तिलाच कळलं, मला काही बोलावं लागलं नाही. ती कापसानं पांढरं थापत बसली तशी पोरगी हळूच सरकली आणि निळ्यावर पांढरे ठिपके द्यायला लागली. ही धुई (धुकं), शाळेत जाताना असती ती, असं पोरगी म्हणाली. त्या दिवशी तेवढंच.

मला इथं मनापासून सांगायचंय की थंडी म्हणजे स्नोमॅनच कशाला? लातूरच्या लेकरानं बर्फ बघितला तो गोळ्याच्या गाडीवर. त्याची थंडी म्हणजे शेकोटी, धुई, हरभऱ्याचे ढाळे, बोरं, कानटोपी, करडईची पिवळी फुलं. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं जे काम केलं तेसुद्धा पानं, बिया, शंख-शिंपले असं आसपास मिळणारं सामान घेऊनच. जे लेकरानं हातात धरलंय, डोळ्यानं बघितलंय, तेच त्याच्या कागदावर येतं.

घरी करायला मी त्यांना सोपं सांगितलं. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीनं रेघोट्या मारायच्या आणि वरून पातळ निळं पाणी फिरवायचं, मेणावर पाणी धरत नाही म्हणून रेघा पांढऱ्याच राहतात, लेकरं तर आनंदानं ओरडतातच. ओल्या वॉटर कलरवर जाड मीठ टाकलं की ते पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर दवासारखे ठिपके दिसतात. आणि शेकोटीचं चित्र करायचं तर हळदीच्या रंगावर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावा, पिवळं तांबूस होतं (चुन्यानं जास्त लाल होतं पण चुना लेकराच्या हातात अजिबात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर वाईट). जुने कपडे घालून अंगणात बसवा, हळद निघत नाही.

आणि बोलायचं कसं, तर "काय आहे हे?" असं धाडकन विचारू नका, "मला सांग की ह्याच्याबद्दल" म्हणा. नाही सांगितलं तरी चालतंय.

येळवसीला (वेळा अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) ते गावाकडं शेतात गेले, कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आंबील, भज्जी, सगळं. परत आल्यावर पोरीनं आपणहून कागद मागितला. पिवळा मोठा डाग म्हणजे कोप, आणि शेजारी एक गोल, त्यालाच हातपाय फुटलेले, तो आज्जा. आईचा मला फोन, "मॅडम, पोटच काढलं न्हाई ओ!" अहो, या वयात डोक्यालाच हातपाय निघतात, हे जगभरच्या लेकरांचं असंच असतं. लेकरांच्या चित्रकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये लेकरांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या, त्यात साधारण 2 ते 4 वर्षं नुसत्या रेघोट्यांची आणि 4 ते 7 मध्ये ओळखू येणारे आकार यायला लागतात, तेही मागंपुढं होतं. पोट येईल नंतर. शाळेच्या कागदाला मात्र ती अजून कधीकधी "तूच काढ" म्हणते, ते एका महिन्यात जात नसतंय. बाईंशी बोलल्यावर त्यांनी तिला कोरा कागद द्यायला सुरुवात केली, हे मला फार आवडलं.

डॉक्टरांना दाखवायला कधी न्यायचं? चार वर्षं झाली तरी लेकरू खडू धरून रेघोटीही मारत नसेल, ओलं-चिकट काहीच, अगदी जेवणसुद्धा, हाताला लागू देत नसेल, कागद डोळ्याला चिकटवून बघत असेल किंवा आधी येणारी गोष्ट विसरत चाललं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडं जा, नाहीतर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथं तपासणीचे पैसे लागत नाहीत. या पोरीत यातलं एकही नव्हतं.

जाता जाता आईनं विचारलं की जानेवारीत शाळेत रंगभरण स्पर्धा आहे, पाठवू का. मी स्पष्ट नको म्हणाले. या वयात चित्राला नंबर देऊच नये असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एखाद्या रविवारी हुरड्याला घेऊन जा आणि येताना चार रिकामी कणसं घेऊन या.